लोकसभा 2024: महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांची मतं जवळपास सारखी, मग जागा 30 आणि 17 कशा काय?

पांझराकाठ:
नमस्कार मंडळी, मूळ धुळ्याचा, सध्या पुण्यात. आमच्या घरच्या ग्रुपवर 4 जून 2024 च्या निकालावरून अजून भांडणं चालू असतात, काका एका बाजूला नि आतेभाऊ दुसऱ्या बाजूला. काकांचं म्हणणं असं की महायुती आणि मविआच्या मतांमध्ये अर्धा टक्कासुद्धा फरक नव्हता, तरी जागा मविआला 30 आणि महायुतीला 17, सांगली अपक्षाला, म्हणजे काहीतरी गडबड आहेच. आतेभाऊ म्हणतो लोकांनी धडा शिकवला, विषय संपला. मला दोन्ही पटत नाही. मी पक्षांचे आकडे एक्सेलमध्ये टाकून बघितले, भाजप 26 टक्क्यांच्या वर, शिंदेंची शिवसेना 13 च्या आसपास, अजितदादांची राष्ट्रवादी साडेतीनच्या थोडी वर. तिकडे काँग्रेस 17 च्या आसपास, ठाकरेंची शिवसेना साडेसोळा, शरद पवारांची राष्ट्रवादी 10 च्या वर. म्हणजे राज्यात सगळ्यात जास्त मतं भाजपला आणि जागा 9, काँग्रेसला 17 टक्क्यांत 13! हे कसं होतं ते कोणी नीट समजावून सांगेल का, प्लीज राजकीय शिवीगाळ नको, मला खरंच समजून घ्यायचंय. आणि आमच्या धुळ्याचा निकाल 3,831 मतांचा, त्यावर तर किती काय काय ऐकलंय, त्याबद्दल पण कोणी बोललं तर बरं होईल.

गणिताचे_सर:
पहिली गोष्ट, पक्षाच्या टक्केवारीवरून जागांचा हिशोब लावायला गेलात तर गोंधळच होणार. भाजप 48 पैकी 28 जागा लढला, शिवसेना 15, राष्ट्रवादी 4 आणि परभणीत राष्ट्रीय समाज पक्षाचे (रासप) महादेव जानकर. समोर ठाकरे 21, काँग्रेस 17, पवार साहेब 10. टक्केवारी मात्र सगळ्यांची अख्ख्या राज्याच्या मतदानावर काढलेली. जो जास्त जागा लढणार त्याची टक्केवारी मोठी दिसणारच. 28 लढवून 9 आणि 17 लढवून 13, तुलना करायची तर ही करा.

दुसरं, आघाडीची बेरीज करताना जानकरांची मतं महायुतीत धरलीत का? साडेचार लाखांच्या वर आहेत, पाऊण टक्का तिथेच येतो. ती धरली तरच फरक अर्ध्या टक्क्याच्या आत येतो, नाहीतर एक टक्का दिसतो. आणि सांगलीच्या विशाल पाटलांची पावणेसहा लाखांच्या आसपास मतं मविआत धरायची की नाही हा वेगळाच प्रश्न, तेव्हा ते मविआच्या उमेदवाराविरुद्ध उभे होते पण निवडून आल्यावर पाठिंबा काँग्रेसला दिला.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही खानदेशचे ना, मग खानदेशच घ्या. रावेरमध्ये रक्षा खडसे 2 लाख 72 हजारांनी निवडून आल्या, जळगावला स्मिता वाघ अडीच लाखांनी. नंदुरबारला काँग्रेसचे गोवाल पाडवी 1 लाख 59 हजारांनी, धुळ्याला शोभा बच्छाव 3,831 नी. चारही जागांची बेरीज-वजाबाकी केली तर महायुती मविआपेक्षा तीन लाख साठ हजारांच्या आसपास मतांनी पुढे आहे. जागा? दोन आणि दोन. जळगाव जिल्ह्यातल्या त्या सव्वापाच लाख जादा मतांतली चार हजार जरी धुळ्यात असती तरी तीन-एक झालं असतं, पण मतं अशी इकडून तिकडे नेता येत नाहीत. एका मतानं जिंका नाहीतर तीन लाखांनी, खासदार एकच. राज्यभर हेच झालंय. पीयूष गोयल उत्तर मुंबईत साडेतीन लाखांच्या वर, ठाणे नि कल्याण दोन लाखांच्या वर, पालघर 1 लाख 83 हजार. ठाण्याच्या पट्ट्यात महायुतीच्या मतांचा डोंगर आहे आणि मराठवाडा-विदर्भात मात्र मविआ एकामागोमाग एक जागा पन्नास-साठ-सत्तर हजारांनी काढत गेली. लातूर 61 हजार, नांदेड 59 हजार, रामटेक 76 हजार, वर्धा 81 हजार. मतं वाया न घालवता जागा मिळवायच्या म्हटल्या तर असंच लागतं. मविआलाही धाराशिवला सव्वातीन लाखांचं लीड होतंच, नाही असं नाही, पण असे डोंगर त्यांच्याकडे कमी.

चाळीतला_कांदा:
सरांचं गणित बरोबर आहे पण हे गणित घडलं का ते पण बोला की. मी चांदवडकडचा, आमचा मतदारसंघ दिंडोरी. भाऊ, आमच्याकडं 2024 ला कांद्यावर मतदान झालंय, पार्टी-बिर्टी नंतर. ऑगस्ट 23 ला 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, मग 8 डिसेंबरला थेट निर्यातबंदी, लाल कांदा मार्केटला यायच्या ऐन टायमाला. रात्रीतून भाव पडले. शेतकऱ्यानं ट्रॅक्टर भरून न्यायचा आन लिलावात भाव ऐकून गप उभं राहायचं. 31 मार्चला उठवणार म्हणले तर पुढं वाढवली. आन एप्रिलच्या शेवटाला गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला 2,000 टन निर्यातीची परवानगी, हे ऐकल्यावर तर गावात जो कधी बोलत नाही तो पण बोलायला लागला. 4 मे ला बंदी उठवली पण टनाला किमान 550 डॉलर भावाची अट आन 40 टक्के शुल्क लावलं. आमचं मतदान 20 मे ला. लोकं काय सोळा दिवसात विसरतेत व्हय?

भाजपच्या भारती पवार केंद्रात मंत्री होत्या, तरी 1 लाख 13 हजारांनी पडल्या. निवडून आले ते भास्कर भगरे सर, साधे शिक्षक माणूस. आन यात अजून एक गोष्ट, आमच्याकडं भगरे आडनावाचाच एक अपक्ष होता, त्याचं चिन्ह पवार साहेबांच्या तुतारीसारखंच दिसणारं, त्याला 1 लाख 3 हजार मतं पडली. प्रचाराला कुठं दिसला नाही तो. म्हातारी माणसं चिन्ह बघून बटन दाबतेत. म्हंजे खरा फरक दोन लाखाच्या पुढंच धरा. शेजारी नाशिकला पण हेमंत गोडसे 1 लाख 62 हजारांनी पडले, तिथंपण सिन्नर-इगतपुरीचा शेतकरी आहेच. त्यामुळं टक्केवारी सारखी म्हणून गडबड, असं म्हणणाऱ्यानं आमच्याकडं एकदा मार्केटला यावं.

गणिताचे_सर:
@चाळीतला_कांदा, तुमचं म्हणणं अगदी बरोबर, आणि त्या सारख्या दिसणाऱ्या चिन्हाचा फटका दिंडोरीत निकाल फिरवू शकला नाही, साताऱ्यात मात्र त्यावर वाद राहिला. तिथे भाजपचे उदयनराजे 32,771 नी जिंकले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला 37 हजारांच्या वर मतं होती. ती सगळी शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या शशिकांत शिंदेंचीच होती असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही, पण आकडा फरकापेक्षा मोठा आहे एवढं खरं.

कृष्णेकाठचा_पैलवान:
सांगलीचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्यात जे झालं ते कुठल्या आघाडीच्या हिशोबात बसत नाही बघा. वसंतदादांची सांगली, जागा काँग्रेसची, पण कोल्हापूर शाहू महाराजांसाठी काँग्रेसला गेलं आणि त्या बदल्यात सांगली ठाकरेंच्या शिवसेनेला. उमेदवार पैलवान चंद्रहार पाटील, माणूस म्हणून आम्हाला आदरच, डबल महाराष्ट्र केसरी आहेत. पण काँग्रेसचा कार्यकर्ता हटला न्हाई. विशाल पाटील लिफाफा घेऊन अपक्ष उभे राहिले आणि लाखानं निवडून आले. चंद्रहार पाटलांना साठ हजारांच्या घरात मतं.

पण खरं बघायचं तर 2019 बघा. तेव्हा हेच विशाल पाटील 1 लाख 64 हजारांनी पडले होते आणि वंचित बहुजन आघाडीच्या गोपीचंद पडळकरांनी 3 लाख मतं घेतली होती. 2024 ला वंचितनं विशाल पाटलांना पाठिंबा दिला. तिसरा माणूस तगडा असला की निकाल एकीकडं, नसला की दुसरीकडं. शेजारच्या हातकणंगल्यात उलटं. शिंदेंच्या शिवसेनेचे धैर्यशील माने 13 हजारांनी आले, ठाकरेंच्या शिवसेनेचे सत्यजित पाटील सरूडकर पडले आणि राजू शेट्टींनी पावणेदोन लाखांच्या वर मतं घेतली. शेट्टी साहेबांनी ऊस दरासाठी उभं आयुष्य घातलंय, त्यांना कोणाची मतं खाणारा म्हणणं मला पटत न्हाई, त्यांचं मत त्यांचंच. पण निकालावर परिणाम झालाच.

भीमनगर_अकोला:
तिसऱ्या उमेदवाराचा विषय निघालाच आहे तर मी बोलतो. 2019 ला वंचित बहुजन आघाडीला राज्यात 7 टक्क्यांच्या जवळ मतं होती, 2024 ला 3 टक्क्यांच्या पण खाली. ती मतं कुठे गेली ते काय सांगायला पाहिजे का? 400 पार ची घोषणा झाली, त्यात काही नेते उघड बोलले की संविधान बदलायला तेवढ्या जागा पाहिजेत, आणि आमच्या वस्त्यांमध्ये हा विषय फार खोलवर गेला. बाबासाहेबांनी दिलेलं संविधान, त्याला कोणी हात लावणार असेल तर घरातली म्हातारी माणसं सुद्धा उन्हात रांगेत उभी राहणारच, आणि राहिली. मत फुटू द्यायचं नाही एवढं लोकांनी ठरवलं होतं, कोणी वरून आदेश दिला म्हणून नाही.

नांदेड बघा, 2019 ला अशोक चव्हाण 40 हजारांनी पडले आणि वंचितला 1 लाख 66 हजार. 2024 ला अशोक चव्हाण स्वतः भाजपमध्ये गेले आणि तरी काँग्रेसचे वसंतराव चव्हाण 59 हजारांनी निवडून आले. आमच्या अकोल्यात मात्र वंचितचे बाळासाहेब (प्रकाश) आंबेडकर स्वतः उभे, त्यांना पावणेतीन लाखांच्या वर मतं, काँग्रेसचे अभय पाटील 40 हजारांनी पडले, अनुप धोत्रे आले. मी बाळासाहेबांनाच मत दिलं आणि पुढेही देईन, पण आकडे आहेत ते आहेत. संभाजीनगरला पण तेच, मराठवाड्यातल्या 8 पैकी तेवढी एकच जागा महायुतीला मिळाली, जिथे समोर इम्तियाज जलील आणि चंद्रकांत खैरे दोघंही तगडे होते. बाकी सातही मविआकडे गेल्या. जालन्यात रावसाहेब दानवे लाखाच्या वर मतांनी पडले, तिथे अंतरवाली सराटीच्या लाठीमारानंतर मराठा समाजात जी नाराजी होती ती मतपेटीत आलीच. सोयाबीनला हमीभाव 4,600 आणि बाजारात त्याच्या खाली विकावं लागत होतं, हे पण विसरू नका.

पांझराकाठ:
वा, हे खूप कामाचं आहे, खानदेशच्या चार जागांचा हिशोब मी ग्रुपवर टाकतोय आत्ताच. पण सर, धुळ्याबद्दल सांगा ना. आमच्याकडे सगळेजण म्हणतात की भाजपचे डॉ. भामरे पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते आणि एकट्या मालेगाव मध्यनं निकाल फिरवला. तिथे बच्छाव यांना 1 लाख 98 हजार आणि भामरेंना साडेचार हजार. हे ऐकलं की समोरचा लगेच एका समाजाबद्दल बोलायला लागतो आणि मला ते ऐकवत नाही, माझे शाळेतले मित्र मालेगावचे आहेत.

गणिताचे_सर:
आकडे बरोबर आहेत, त्यातून काढलेला निष्कर्ष अर्धवट आहे. मालेगाव मध्य 2019 ला पण भामरेंच्या विरोधातच होतं, तरी ते 2 लाख 29 हजारांनी जिंकले. कारण उरलेल्या पाच ठिकाणचं, म्हणजे धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, बागलाण, मालेगाव बाह्य, इथलं लीड एवढं मोठं होतं की सगळं भरून निघालं. 2024 ला या पाचांचं मिळून लीड 1 लाख 90 हजारांवर आलं. म्हणजे मालेगावात विरोधातलं मतदान वाढलं हे खरं, आणि बाकीच्या पाच ठिकाणी भामरेंची आघाडी घटली हेही तेवढंच खरं. बागलाण-मालेगाव बाह्यचा कांदेवाला, शिंदखेड्याचा कापूसवाला, यांचा विचार कोणी करत नाही, कारण एका मोठ्या आकड्याकडे बोट दाखवणं सोपं. 2019 ला वंचितच्या उमेदवारानं तिथे 39 हजार मतं घेतली होती, यावेळी वंचितचा अर्ज छाननीतच बाद झाला, हाही भाग आहे.

आणि एक सांगतो, मनापासून सांगतो. एका वस्तीनं, एका गावानं, एका तालुक्यानं एकगठ्ठा मतदान करणं या देशात नवीन नाही. बीडमध्ये बजरंग सोनवणे 6,553 नी निवडून आले, तिथे बूथनिहाय आकडे काढून बघा, कित्येक गावं पूर्ण पंकजाताईंची आणि कित्येक पूर्ण सोनवणेंची. दोन्हीकडच्या माणसांनी रांगेत उभं राहून मत दिलंय. मालेगावच्या माणसाचं मत हे शिरपूरच्या किंवा परळीच्या माणसाच्या मताएवढंच आहे, कमी नाही, जास्त नाही. मी शाळेत तीस-पस्तीस वर्षं नागरिकशास्त्र पण शिकवलंय, मुलांना हेच सांगत आलो.

मतमोजणी_टेबल:
गडबडीच्या शंकेबद्दल थोडं लिहितो, मी एका पक्षाचा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून टेबलावर बसलोय (पक्ष सांगत नाही, गरज नाही). सकाळी 8 ला टपाली मतं सुरू होतात, अर्ध्या तासानं ईव्हीएम. प्रत्येक विधानसभा क्षेत्राला साधारण 14 टेबलं, प्रत्येक टेबलासमोर जाळीच्या पलीकडे सगळ्या उमेदवारांची माणसं. कंट्रोल युनिट आणलं की सील दाखवतात, नंबर वाचतात, रिझल्टचं बटण दाबतात, आम्ही लिहून घेतो. आता यात महत्त्वाचं काय तर 17 सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष प्रत्येक पोलिंग एजंटला हा कागद देतो, त्यात त्या मशीनमध्ये एकूण किती मतं पडली ते असतं. मोजणीच्या दिवशी तोच आकडा जुळला पाहिजे. ज्या पक्षाचे एजंट संध्याकाळपर्यंत बसतात आणि 17 सी जपून आणतात त्यांना शंका घ्यायला किंवा शंका मिटवायला काहीतरी हातात असतं, बाकीचे नुसते टीव्हीवर बोलतात. मग प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली चिठ्ठी टाकून काढलेली 5 व्हीव्हीपॅट यंत्रांतल्या (मत कुणाला पडलं ते छापणाऱ्या) चिठ्ठ्या मोजतात.

वायव्य मुंबईचं उदाहरण घ्या. ईव्हीएमची मतं मोजून झाली तेव्हा ठाकरेंच्या शिवसेनेचे अमोल कीर्तिकर फक्त 1 मतानं पुढे होते, 4,51,095 विरुद्ध 4,51,094. टपालीत शिंदेंच्या शिवसेनेच्या रवींद्र वायकरांना 1,550 आणि कीर्तिकरांना 1,501, म्हणून वायकर 48 मतांनी विजयी. बाद झालेली टपाली मतं पुन्हा तपासली गेली, कारण फरक त्यापेक्षा कमी असेल तर तसा नियमच आहे. नंतर कीर्तिकर हायकोर्टात गेले, त्यांच्या अर्जात 333 टेंडर मतांचा मुद्दा होता. टेंडर मत म्हणजे तुमच्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलं असेल तर तुम्हाला कागदी मतपत्रिका देतात आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवतात, एरवी ती मोजत नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये हायकोर्टानं अर्ज फेटाळला. साडेनऊ लाखांच्या आसपास मतदान झालेल्या जागेवर 48! नोटाला 15 हजारांच्या वर होती. माझ्या ओळखीतले किती लोक त्या दिवशी सुट्टी म्हणून लोणावळ्याला गेले, त्यांना मी हा आकडा अजून सांगत असतो.

लेस्टरची_मावशी:
मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, भारताचा पासपोर्ट अजून आहे. इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला सुद्धा पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं, कॉमनवेल्थमुळे, हे खूप जणांना माहीत नसतं. आपल्याकडे निकाल लागला 4 जूनला आणि इथली निवडणूक 4 जुलैला, आणि पद्धत तीच, जो पुढे तो खासदार. लेबर पार्टीला 34 टक्क्यांच्याही आत मतं आणि 650 पैकी 400 च्या वर जागा! आणि गंमत म्हणजे रिफॉर्म यूकेला 14 टक्के मतं आणि जागा फक्त 5, लिबरल डेमोक्रॅट्सना त्यांच्यापेक्षा कमी, 12 टक्के, आणि जागा 72. कारण लिब डेमची मतं ठराविक भागात एकवटलेली, रिफॉर्मची देशभर पसरलेली.

आमच्या लेस्टर ईस्टमध्ये तर कमाल झाली, सगळा देश लेबरकडे चाललेला असताना इथे कंझर्व्हेटिव्हच्या शिवानी राजा निवडून आल्या, साधारण 31 टक्के मतांवर, कारण लेबरचेच दोन जुने खासदार, किथ वाझ आणि क्लॉडिया वेब, वेगवेगळे उभे होते. सांगली-हातकणंगल्याचं वाचताना मला हेच आठवत होतं. आणि मोजणी इथे रात्रभर हातानं चालते, कागदावर पेन्सिलनं फुली मारायची. मतं आणि जागा यांचा मेळ तरी इथेही बसला नाही, तो यंत्राचा प्रश्न नाहीच मुळी.

पांझराकाठ:
मावशी, हे लेबरचं तर ऐकलंच नव्हतं. मग ही पद्धत बदलून टक्केवारीप्रमाणे जागा द्यायच्या, असं का करत नाहीत? निदान काही जागा तरी. नेपाळमध्ये तसं आहे ना?

गणिताचे_सर:
नेपाळमध्ये 275 पैकी 165 थेट आणि 110 टक्केवारीनं, बरोबर. आपल्या संविधान सभेतही यावर चर्चा झाली होती आणि थेट मतदारसंघाचीच पद्धत स्वीकारली गेली, कारण सरकार टिकायला हवं आणि लोकांना आपला माणूस कोण ते कळायला हवं. माझं स्वतःचं मत विचाराल तर आत्ताची पद्धत राहावी. चांदवडच्या शेतकऱ्यानं कांद्यासाठी आपला खासदार बदलला, टक्केवारीच्या यादीतून आलेल्या माणसाला त्यानं कुठे जाऊन जाब विचारला असता?

भीमनगर_अकोला:
सर, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. 2019 ला 7 टक्क्यांच्या आसपास लोकांनी वंचितला मत दिलं, म्हणजे काही लाख माणसं, आणि एक पण खासदार नाही. एमआयएमचा तेव्हा आघाडीतून आला तेवढाच. ही माणसं दर वेळी हेच ऐकतात की मत वाया घालवू नको. स्वतःच्या पक्षाला मत देणं म्हणजे वाया घालवणं, हे किती वर्षं ऐकायचं? 48 पैकी 10 जागा जरी टक्केवारीनं दिल्या तरी त्यांचा आवाज संसदेत जाईल आणि चांदवडचा खासदार पण तसाच राहील.

गणिताचे_सर:
तुमच्या या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. 7 टक्के लोकांना शून्य जागा हे न्याय्य आहे असं मी म्हणू शकत नाही.

चाळीतला_कांदा:
अन विधानसभेचं पण बघा ना, त्याच वर्षी नोव्हेंबरला. पाच महिन्यांत महायुती 235 आन मविआ पन्नासच्या पण आत. तेव्हा मात्र मतांत पण मोठा फरक होता, 14 टक्क्यांच्या आसपास, म्हंजे लोकांनीच बदललं. लाडकी बहीण होती, कांद्यावरचे नियम पण सप्टेंबरला ढिले केले, 550 डॉलरची अट काढली. आमच्याकडं पण महायुतीचेच आमदार आले. लोकसभेला ज्यांनी पाडलं त्यांनीच. काकांना हे पण सांगा.

पांझराकाठ:
सांगतो. शेवटचा एक प्रश्न, हे बूथनिहाय आकडे बघायचे कुठे? मला धुळ्याच्या पाच क्षेत्रांचं 2019 आणि 2024 स्वतः शेजारी शेजारी लावून बघायचंय.

मतमोजणी_टेबल:
फॉर्म 20 शोधा. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर लोकसभा मतदारसंघाप्रमाणे पीडीएफ असतात, आत सहाही विधानसभा क्षेत्रांचे वेगळे तक्ते आणि प्रत्येक केंद्राचा आकडा. बरेचसे स्कॅन केलेले आहेत, त्यामुळे एक्सेलमध्ये हातानं भरावं लागेल, वेळ काढून बसा. टपाली मतं शेवटच्या पानावर वेगळी असतात, ती बेरजेत धरायला विसरू नका, नाहीतर 3,831 जुळणार नाही. आणि केंद्रांचे नंबर दोन निवडणुकांत बदललेले असतात, म्हणून नंबरावरून नाही तर गावाच्या नावावरून जुळवा. भरून झालं की फाइल इथे टाका, शिंदखेड्याचं मला पण बघायचंय.